टेस्ट नॉर्मल, मग गॅस चालू कसा राहतो?

मागच्या अंकात मोठ्या माणसांच्या एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा असतो ते) आणि ऑटिझम (स्वमग्नता) याबद्दल थोडं लिहिलं तर पत्रांचा पाऊसच पडला, आणि बहुतेकांची गाडी शेवटी एकाच स्टेशनवर येऊन थांबली, ती म्हणजे मेमरी. मी इतकं का विसरते, टेस्ट करू का, टेस्ट केली तर त्यात काहीच का नाही निघालं, वगैरे. एका बाईंनी तर ता.क. मध्ये लिहिलंय की पत्र लिहून दोन आठवडे पर्समध्येच पडलं होतं, ते बरोबर घेऊन त्या रोज पोस्टावरून जात होत्या. अशा पत्राला उत्तर द्यायलाच पाहिजे.

एक आधीच सांगते. टेस्टमधले खरे शब्द, खरे आकडे मी इथे देणार नाही, कारण ते छापले की ती टेस्ट तुमच्यासाठी फुकट गेली. उदाहरणं सगळी माझ्या घरची आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी ४४ वर्षांची, डोंबिवलीला राहते, बँकेत आहे. मुलाला एडीएचडी आहे का बघायला गेलो तेव्हा डॉक्टर त्याच्याबद्दल जे विचारत होते ते ऐकून मला वाटायला लागलं अरे हे तर माझ्याबद्दल चाललंय, मग माझीही तपासणी झाली आणि गेल्या वर्षी माझंही निदान झालं. पण माझी खरी भीती वेगळीच आहे. माझ्या आईला सत्तरीनंतर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला आणि तिचं सगळं मी केलंय. मी दूध गॅसवर ठेवते आणि विसरते, डबा लोकलमध्ये राहतो, लॉकरची चावी फ्रीजमध्ये सापडते. शेवटी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दहा-पंधरा मिनिटांची टेस्ट घेतली, ३० पैकी २९ आले. नवरा म्हणाला बघ, काही झालेलं नाही तुला, तू लक्षच देत नाहीस. आणि त्याच आठवड्यात मी गॅस चालू ठेवून ऑफिसला गेले, शेजारच्या काकूंकडे चावी होती म्हणून वाचलो. मग खोटं कोण, ती टेस्ट का मी?

उत्तर: दोघीही खऱ्या. तुमची टेस्ट बहुतेक मोका (MoCA) नावाची असणार, ३० मार्कांची तीच जास्त चालते. कॅनडात मॉन्ट्रियलला तयार झाली, २००५ साली प्रसिद्ध झाली, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा आणि पाचेक मिनिटांनी सांगा, एका आकड्यातून ठरावीक आकडा वजा करत जा, असा तिचा थाट. २६ आणि वर असलं की साधारण नॉर्मल धरतात. पण ती बनवली कशासाठी, तर वयस्कर माणसात डिमेन्शियाच्या आधीची घसरण सुरू झालीय का हे पटकन बघायला. ती चाळण आहे. गव्हाच्या चाळणीत मैदा घातला तर सगळाच खाली जाणार, त्यावरून मैद्यात अळ्या नाहीत असं कोणी म्हणत नाही. तुमच्या डॉक्टरांनी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर शोधलं, आत्ता या घडीला डिमेन्शियासारखं काही दिसत नाही, ही मोठी चांगली बातमी आहे आणि ती आधी पदरात पाडून घ्या. फक्त ‘गॅस का चालू राहतो’ हा प्रश्न त्या टेस्टला कोणी विचारलाच नव्हता.

आता ते दुधाचं बघू, कारण सगळं त्या पातेल्यात आहे. तुम्ही दूध ठेवलं, गॅस बारीक केला, दोन मिनिटं उभ्या राहिलात, तेवढ्यात आत फोन वाजला म्हणून गेलात, फोन घेताना कॉटवर इस्त्रीचे कपडे दिसले ते कपाटात ठेवायला घेतले, कपाटात मुलाच्या शाळेचा फॉर्म सापडला ज्याची तारीख उद्याची, मग पेन शोधायला निघालात, आणि मग तो वास. वास आल्या आल्या तुमच्या तोंडून काय निघतं? ‘अगं बाई, दूध!’ बरोबर ना? त्या ‘अगं बाई’कडे नीट बघा. दूध ठेवल्याची आठवण आत अगदी जागच्या जागी होती, पातेलं कुठलं, अर्धा लिटर का एक लिटर सगळं. ती फक्त वेळेवर हाक मारायला आली नाही. आईच्या बाबतीत तुम्ही नेमकं उलटं पाहिलं असेल, करपलेलं पातेलं समोर धरलं तरी ‘मी नाही बाई ठेवलं’ असं उत्तर. हे काही घरच्या घरी निदान करायचं साधन नाही, पण फरक कुठे आहे ते यातून कळतं. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात, फडताळात ठेवलेली वस्तूच नाहीशी होत जाते. एडीएचडीमध्ये एक तर वस्तू फडताळात जाताना धांदल होते किंवा नेमक्या वेळी ते उघडायचं राहतं.

पुढे करायचं काम वेळेवर आठवणं याला मानसशास्त्रात वेगळं नाव आहे, प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी, आणि त्यातही दोन प्रकार. काही दिसलं की आठवतं तो एक (पोस्टाची पेटी दिसली की पत्र आठवलं) आणि घड्याळावर चालणारा दुसरा (दहा मिनिटांनी गॅस बंद). एडीएचडीवाल्यांना हा दुसरा फार छळतो, कारण मध्ये काहीच दिसत नाही, आतूनच हाक यावी लागते. आपल्या आज्ज्या काय करायच्या, पदराला गाठ मारायच्या. गाठ हाताला लागली की आठवायचं. खूणगाठ हा शब्दच तिथला आहे आणि त्याकाळी कोणी आजीला म्हणालं नाही की तू लक्ष देत नाहीस म्हणून तुला गाठ लागते.

आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथेच आहे. टेस्टच्या खोलीत ती गाठ आम्ही टेस्ट घेणारे असतो. शांत खोली, फोन बंद, समोर फक्त तुमच्यासाठी बसलेला एक माणूस, तो म्हणतो ‘आता ऐका’, मग म्हणतो ‘आता सांगा’, एक काम संपलं की दुसरं काढून हातात देतो, वर टेस्ट नवीन असते, मार्क मिळणार असतात, म्हणजे मेंदूला चेव यायला जे जे लागतं ते सगळं. ज्या गोष्टी तुम्हाला दिवसभर आतून कराव्या लागतात आणि जमत नाहीत, त्या सगळ्या तेवढ्या वेळात बाहेरून कोणीतरी करून देतं. मग २९ येतात यात नवल काय. म्हणूनच कुठल्याही एका मेमरी टेस्टवरून एडीएचडी आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही. ते ठरतं तुमचा लहानपणापासूनचा इतिहास, घरच्यांशी बोलणं, आणि रोजच्या जगण्याबद्दलच्या प्रश्नावल्या यावरून. हे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.

भीती तरीही जात नसेल, आणि आईचं सगळं केलेल्या मुलीची ती सहज जाणार नाही हे मला कळतं, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पूर्ण न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंग करून घ्या. त्यात पंधरा शब्दांची एक यादी असते, तीच पाच वेळा वाचतात आणि दर वेळी आठवतील तेवढे सांगायचे, मध्ये दुसऱ्या यादीने गोंधळ घालतात आणि वीस-तीस मिनिटांनी परत पहिली यादी विचारतात. एडीएचडीच्या मोठ्या माणसांत बहुतेकदा असं दिसतं की आत जातानाच कमी शब्द जातात, काही शब्द दोनदा सांगितले जातात, पण एकदा आत गेलेलं अर्ध्या तासाने बऱ्यापैकी तसंच असतं. अल्झायमरच्या सुरुवातीला अर्ध्या तासाने ते उडालेलं असतं आणि ‘हा शब्द होता का’ असं विचारून आठवण दिली तरी फारसा उपयोग होत नाही. मार्क किती यापेक्षा कुठे गळतं हे बघायचं. आज करून ठेवलंत तर पाच-सात वर्षांनी परत शंका आली तेव्हा तुलनेला तुमचाच जुना कागद असेल, हा त्याचा खरा फायदा.

त्याआधी मात्र बी-१२, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. झोप किती होते, घोरता का, पाळी पुढे-मागे व्हायला लागलीय का, हेही डॉक्टरांना सांगा. चाळिशीच्या मध्यावर हार्मोन्स हलायला लागले की एरवी कसंबसं सावरलेलं एडीएचडी अचानक उघडं पडतं हे मी बऱ्याच बायकांत पाहिलंय आणि त्यांना वाटतं आता आपलं डोकंच गेलं.

आणि आज संध्याकाळी जाऊन मिल्क कुकर आणा, तो दुहेरी भिंतीचा, शिट्टी वाजणारा. आपल्या आया वापरायच्याच, नंतर कुठे गेले कोण जाणे. ती शिट्टी म्हणजे पदराची गाठच, फक्त शेजारच्या काकूंनाही ऐकू जाते.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना (वय ३८) एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण त्यांना २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर बॉल टू बॉल पाठ आहे आणि मी सकाळी सांगितलेलं कोथिंबीर आणि लिंबं आणा हे संध्याकाळी आठवत नाही. माझंच कसं विसरतात? — कोल्हापूर

उत्तर: वहिनी, तुमच्याशी वैर नाहीये, कोथिंबिरीशी आहे. ती ओव्हर त्यांनी जीव मुठीत धरून पाहिली, नंतर पन्नास वेळा रिप्ले पाहिला आणि शंभर जणांना सांगितली. कोथिंबीर एकदा, बूट घालताना, पाठमोरं असताना कानावर पडली. ती मेमरीत गेलीच नाही, त्यामुळे विसरायचा प्रश्नच आला नाही. एडीएचडीमध्ये रस असलेल्या गोष्टीवर लक्ष असं काही चिकटतं की हलत नाही, आणि बिनरसाच्या गोष्टीवर ठेवू म्हटलं तरी राहत नाही, त्यात प्रेमाचं माप नसतं. पण म्हणून त्यांना सूट आहे असंही नाही हां. निदान त्यांचं आहे तर सोयही त्यांनीच करायची. सकाळी सांगायचंच नाही, संध्याकाळी ते ऑफिसातून निघताना मेसेज टाका आणि तो मेसेज आला की भाजीवाल्याच्या दारात पोचेपर्यंत ‘न वाचलेला’ करून ठेवायचं काम त्यांचं.

प्रश्न: ताई, मला अरे-तुरे केलं तरी चालेल, मी २७ चा आहे, पुण्यात आयटीत. मागच्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. त्यावेळी वेक्सलरची बुद्धिमत्तेची टेस्ट झाली. व्हर्बल (भाषेचं) १३१, पर्सेप्च्युअल (आकृत्यांचं) १२३, वर्किंग मेमरी (डोक्यात धरून काम करणं) १००, प्रोसेसिंग स्पीड (कामाचा वेग) ८४, आणि एकूण आयक्यू ११४. मला हे काही कळत नाही, मी हुशार आहे का स्लो? मॅनेजर म्हणतात स्लो. शिवाय माझी मेमरी विचित्र आहे, कोकण रेल्वेचं दहा वर्षांपूर्वीचं टाइमटेबल मी सांगू शकतो पण मागच्या रविवारी काय केलं विचारलं की कोरी पाटी. माझ्या बहिणीच्या लग्नातलं मला काहीच सांगता येत नाही म्हणून आई रडली. इंटरव्ह्यूमध्ये ‘टीममध्ये वाद झाला तेव्हाचा प्रसंग सांगा’ म्हटलं की मी गप्प.

उत्तर: मित्रा, आधी तो ११४ पेन्सिलने हलकासा खोडून टाक. साताऱ्याचा सरासरी पाऊस किती विचारलं तर एक आकडा येतो, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात टँकरची वाट बघतात, त्या सरासरीवर ना महाबळेश्वरची छत्री घेता येते ना माणची विहीर खणता येते. वेक्सलरच्या टेस्टमध्ये १०० हे मधलं माप आणि १५ ची एक पायरी. तुझे १३१ म्हणजे तुझ्या वयाच्या शंभर माणसांत अंदाजे ९८ तुझ्या मागे. ८४ म्हणजे शंभरात १४ मागे आणि बाकीचे पुढे. एकाच डोक्यात तीन पायऱ्यांहून जास्त अंतर. ऑटिझम आणि एडीएचडीमध्ये असे खाचखळगे पुष्कळदा दिसतात, आणि इतकं अंतर असलं की चांगला सायकॉलॉजिस्ट एकूण आयक्यूवर जोर देत नाही, व्हर्बल आणि पर्सेप्च्युअल या दोघांवरून जीएआय नावाचा वेगळा आकडा काढतो आणि बाकीच्या दोघांबद्दल स्वतंत्र लिहितो. तुझ्या रिपोर्टमध्ये तो नसेल तर जाऊन विचार, परत टेस्ट द्यावी लागत नाही, आहे त्या मार्कांतूनच निघतो.

आता स्लो. प्रोसेसिंग स्पीडमधलं एक काम तुला आठवत असेल, आकड्यांखाली चिन्हं भरायची, पेन्सिलने, दोन मिनिटं. त्यात डोक्याचा वेग मोजतात असं नाव आहे पण त्यात हात किती चालतो, डोळे वरखाली किती पटकन जातात, आणि चिन्ह वाकडं निघालं तर तू पुढे जातोस का ते नीट करत बसतोस हेही सगळं मिसळतं. माझ्याकडे एकजण प्रत्येक चिन्ह शाळेतल्या भूमितीच्या वहीसारखं काढत होता, एक चूक नाही, पण वेळ संपली तेव्हा अर्धा कागद कोरा. त्याचा आकडा कमी आला, आणि त्या आकड्याशेजारी मी हे सगळं लिहिलं, कारण ते लिहिलं नसतं तर तो आकडा खोटं बोलला असता. तुझ्या रिपोर्टमध्ये शेजारी काय लिहिलंय ते बघ, काहीच नसेल तर तो अर्धा रिपोर्ट आहे. मॅनेजरना सांगायचं असेल तर आकडे दाखवू नकोस, एवढंच सांग की काम मला लेखी द्या आणि एका वेळी एक द्या, मीटिंगमध्ये तिथल्या तिथे उत्तर मागू नका, संध्याकाळपर्यंत वेळ द्या.

मेमरीचं तू विचित्र म्हणतोस, मला ती ओळखीची वाटते. माहितीची आठवण आणि स्वतः जगलेल्या प्रसंगाची आठवण हे दोन वेगळे कप्पे आहेत. ऑटिझममध्ये पहिला बरेचदा टणटणीत असतो. दुसऱ्यात अडचण येते ती मुख्यतः कोणी मोकळं विचारलं की, ‘काय काय झालं सांग’ असं. तेच धागा हातात दिला, पर्याय दिले, फोटो दाखवला की बरंच बाहेर येतं. हे टेस्टमध्येही दिसतं, यादी नुसती आठवायला सांगितली तर कमी, ओळखायला सांगितली तर जवळपास इतरांएवढी. म्हणजे आत आहे, बाहेर काढायला कोणीतरी कडी वाजवावी लागते. आईला सांग, ‘लग्नातलं काय आठवतं’ असं नको विचारूस, अल्बम घेऊन बस आणि विचार हा काका इथे का रुसलाय. बघ मग तू किती बोलतोस. कदाचित जेवणाच्या पंगतीतला मठ्ठा किती आंबट होता तेच आठवेल, पण तेही लग्नातलंच ना.

इंटरव्ह्यूचं तर मला रागच येतो. हा प्रश्न कामाची पात्रता मोजत नाही, मोकळी आठवण किती पटकन निघते ते मोजतो, आणि ज्याची निघत नाही त्याला अनुभवच नाही असं समजतात. सहा-सात प्रसंग घरी शांतपणे, जुने मेल आणि चॅट उघडून, लिहून ठेव, प्रत्येकाला एक नाव दे (‘पेमेंटचा बग’, ‘क्लायंट रात्री ओरडला’) आणि ती नावं पाठ कर. नाव ही तुझी कडी. प्रश्न आधी मेलवर मिळतील का असंही बिनधास्त विचार, काही ठिकाणी देतात.

प्रश्न: मला कोणी फोन नंबर सांगितला की मी हमखास चुकीचा लिहिते, आकडे उलटे होतात. वय ३५, एडीएचडी. शाळेत गणितात बरी होते. ही पण मेमरीच का? — ठाणे

उत्तर: अर्धी तुमची वर्किंग मेमरी आणि अर्धी आपली मराठी. वर्किंग मेमरी म्हणजे फ्लॅटमधला दीड हाताचा ओटा, परातीशेजारी पोळपाट ठेवला की तिसरं काही मावत नाही. आता कोणी ‘सदतीस’ म्हणालं की कानावर आधी सात येतो मग तीस, पण लिहायचं आधी तीन मग सात. म्हणजे सात हातात धरून ठेवायचा, तीनची वाट बघायची, तीन लिहायचा, मग सात. ‘एकोणसाठ’ला तर साठ ऐकू येतं आणि लिहायचं पाच आणि नऊ. अशा पाच जोड्या कोणी धडाधड सांगितल्या की ओट्यावरून काहीतरी पडणारच. तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला, विनोद तर इतके झाले की विचारू नका. मलाही ‘सत्याहत्तर’ जावा असं वाटत नाही, कानाला गोड आहे, पण त्या पुस्तकवाल्यांना कुठली अडचण दिसत होती हे माझ्याकडे येणारी माणसं मला रोज दाखवतात. तुम्ही सरळ सांगा, ‘एकेक आकडा सांगा हो’. आणि टेस्टला गेलात तर तोंडी गणितं कुठल्या भाषेत घेणार ते आधी ठरवा, शाळा मराठीत आणि नोकरी इंग्रजीत असेल तर त्याने फरक पडू शकतो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६८, वाई. आयुष्यभर विसरभोळा गोकुळ म्हणून प्रसिद्ध, वर्गात खडू खिशात ठेवून खडू शोधायचो. नातीला एडीएचडी निघाल्यावर सून म्हणते बाबा तुम्हालाही तेच आहे, काळजी करू नका. पण गेले आठ-दहा महिने ओळखीच्या माणसांची नावं जातात, आणि मागच्या महिन्यात रोजच्या रस्त्यावर गणपती घाटाकडून घरी येताना क्षणभर कळेना कुठे वळायचं.

उत्तर: गुरुजी, सूनबाई प्रेमाने म्हणतायत पण यावेळी त्यांचं ऐकू नका. खडूचं सोडून द्या, तो काखेत कळसा गावाला वळसा तुमचा चाळीस वर्षांचा आहे. एडीएचडी म्हणजे जन्माचा सोबती, निदानासाठी त्याच्या खुणा बाराव्या वर्षाच्या आधी दिसायला लागतात, त्यामुळे अडुसष्टाव्या वर्षी जे नवीन आलंय ते त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. नवीन काय आलं, तर रस्ता. तेवढ्यासाठी याच आठवड्यात फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा, एकटे नको, घरच्या कोणाला तरी बरोबर घ्या, कारण तुम्ही काय विसरला हे तुम्हाला कसं सांगता येणार. रक्ताच्या तपासण्या, गरज वाटली तर एमआरआय, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीसुद्धा या वयात डोकं धूसर होतं. त्यातलं काही निघालं तर सुधारण्यासारखं असतं. आणि डॉक्टरांना तो जुना विसरभोळेपणाही सांगा, नाहीतर तो नव्या दुखण्यात धरला जायचा.

प्रश्न: मी लातूरचा, वय २४, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. ऑनलाइन टेस्टमध्ये एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही आले. दोन्ही असू शकतं का? खरी टेस्ट कुठे करू, कशी तयारी करू, आणि सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत जादा वेळ मिळतो का?

उत्तर: असू शकतं. २०१३ पर्यंत मानसिक निदानांच्या अमेरिकन नियमावलीत दोन्ही निदानं एकत्र द्यायची परवानगीच नव्हती, तिची नवी आवृत्ती डीएसएम-५ आल्यावर ती मिळाली, म्हणून जुने डॉक्टर अजून कधीकधी ‘एकच काहीतरी असेल’ म्हणतात. ऑनलाइनचं म्हणशील तर ती दरवाजावरची बेल आहे, आत कोण आहे ते तिने कळत नाही. परीक्षेचं टेन्शन, चार तासांची झोप आणि दिवसभर रील्स यानेही तेच मार्क येतात.

आधी मानसोपचारतज्ज्ञ. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात सुरुवात कर, काहीच सुचत नसेल तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलतात. टेस्ट घेणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदलेला आहे ना, एवढा नंबर विचारायचा, लाजायचं नाही. दोन तासांचा वीकेंड कोर्स करून ‘ब्रेन मॅपिंग’ आणि बोटांच्या ठशांवरून मेमरी सांगणारे भरपूर फिरतायत, तिथे पैसे घालू नको.

तयारी करू नको, हीच तयारी. आकडे उलटे म्हणायचा सराव करून गेलास तर तुझा सराव मोजला जाईल, तू नाही. आदल्या रात्री झोप, सकाळी खाऊन जा, चष्मा ने. चालू गोळ्या असतील तर घ्यायच्या का नाही ते डॉक्टरांना विचार, मनाने बंद करायच्या नाहीत. आधी कधी अशी टेस्ट झाली असेल तर सांग, थोड्या महिन्यांत तीच परत दिली की मार्क उगाच फुगतात. मध्ये थकलास तर ‘थांबू या’ म्हण.

सर्टिफिकेटचं सरळ सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. आणि परीक्षेतल्या सवलती कोणाला आणि कुठल्या अटीवर हे त्या त्या परीक्षेच्या नियमांत बघावं लागतं, दिव्यांगत्वाची टक्केवारी सरकारी बोर्ड ठरवतं, माझ्यासारखीचा रिपोर्ट त्याला फक्त जोडायचा कागद. त्यामुळे त्या आशेवर टेस्ट करू नको, अभ्यास कसा करायचा हे कळावं म्हणून कर.

आणि जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं घेऊन जा, पहिली ते सातवीची. मार्क नाही बघत मी, शेरे बघते. ‘हुशार आहे पण चंचल’, ‘वही पूर्ण करत नाही’, ‘एकलकोंडा’, बाईंनी लाल पेनाने लिहिलेली ती एक ओळ मला माझ्या दोन तासांच्या टेस्टपेक्षा कधीकधी जास्त सांगते. आईला विचार, माळ्यावर असतील, आणि सापडली की लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेव, कारण आमच्याकडे येणारी मंडळी ती पिशवी रिक्षात विसरून येतात.